हिरवा दिवा आणि भरवशाची म्हैस

एश्बॉर्न हे फ्रँकफुर्टला खेटून असलेलं छोटंसं गाव. वस्ती वीस-बावीस हजार, पण व्यवसाय कर फ्रँकफुर्टपेक्षा कमी, म्हणून मोठमोठ्या कंपन्यांनी इथे हापिसं थाटली आहेत. शेअर बाजार चालवणारी डॉइश बोर्सही २०१० साली इथेच आली. असल्या गावात 'नेटवर्क बंद आहे' हे वाक्य कुणालाच परवडत नाही. म्हणून सगळीकडे दोन-दोन वायरी! एक गेली तर दुसरी आहेच. माझं म्हणणं असं की हे 'आहेच' फार धोक्याचं आहे.

कसं ते बघा. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतात, दोन वेगळ्या स्विचना जोडलेली. पहिली वायर मेली हे सर्व्हर कसं ओळखतो? बहुतेक वेळा नुसतं लिंक आहे की नाही एवढं बघून, म्हणजे दिवा हिरवा तर सगळं ठीक. आता समजा स्विच धडधाकट आहे, पण त्याची पुढे जाणारी अपलिंक तुटली. सर्व्हरकडचा दिवा हिरवाच! तो बापडा पाकिटं पाठवत राहतो, स्विच ती टाकून देतो आणि शेजारची चांगली वायर नुसती बसून राहते.

यावरचा उपाय मला फार आवडतो. सगळ्या अपलिंका गेल्या की स्विचने सर्व्हरकडची पोर्टंही आपणहून बंद करायची. सिस्कोवाले याला लिंक स्टेट ट्रॅकिंग म्हणतात. चालू पोर्ट मुद्दाम मारायचं, म्हणजे सर्व्हर लगेच दुसऱ्या वायरीवर उडी मारतो. थोडक्यात, 'माझ्याच्याने होत नाही' हे वेळेवर कबूल करायचं. दुसरा मार्ग म्हणजे सर्व्हरनेच दिव्यावर विश्वास न ठेवता गेटवेला अधूनमधून हाक मारून बघायची. लिनक्समध्ये एआरपी वापरून हे करता येतं.

पण हेही पुरत नाही. १४ फेब्रुवारी २०२३ च्या संध्याकाळी फ्रँकफुर्टमध्ये रेल्वेमार्गाच्या कामात जमिनीखालच्या टेलिकॉमच्या केबली तुटल्या. दुसऱ्या दिवशी लुफ्थान्साचं चेक-इन आणि बोर्डिंग कोलमडलं, दोनशेहून जास्त उड्डाणं रद्द झाली. जर्मनीसारख्या काटेकोर देशात! आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. कळवा-पडघ्याकडच्या वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती, बाकीच्याही गेल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. ग्रिड कोसळलं तरी शहर वेगळं काढून चालू ठेवणारी आयलँडिंग व्यवस्था होती, पण त्या दिवशी ती पुरी पडली नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय?

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. एक, दुसरी वायर खरंच दुसऱ्या वाटेने जाते का ते नकाशावर बघावं. दोन्ही एकाच खड्ड्यातून जात असतील तर त्या दोन नाहीतच. दोन, वर्षातून एकदा दिवसाढवळ्या, सगळे हजर असताना, पहिली वायर स्वतःच्या हाताने उपटावी. 'चालतंय ना, मग कशाला हात लावता?' असं म्हणणारे मला इथेही भेटतात आणि पुण्यातही. त्यांना एवढंच सांगतो की ती कधीतरी तुटणारच आहे. तुम्ही हजर असताना तुटावी की रात्री तीनला, एवढंच तुमच्या हातात आहे.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. आम्ही परदेशातली मंडळी दर रविवारी फोनवर 'इथे सगळं छान आहे' ऐकतो आणि निश्चिंत होतो. तो हिरवा दिवा. पलीकडे बाबांचा गुडघा महिनाभर सुजलेला असतो! 'काही लागलंच तर शेजारचे काका आहेत' ही आमची दुसरी वायर. त्या काकांना शेवटचा फोन कधी केला होता ते मी परवा आठवून पाहिलं. आठवेना. मग लावला, तर नंबर बदललेला.

तेव्हा मंडळी, तिकडे काही बिघडलं असेल तर दिवा हिरवा ठेवू नका, सरळ सांगा. नव्या नंबराचं मी बघतो.