मेंढ्यांची मोजणी आणि निद्रानाशाची चिकित्सा

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे आयुर्वेदाने शरीराचे त्रय उपस्तंभ मानले आहेत. यांपैकी आहाराविषयी आपण रुग्णास विस्ताराने विचारतो. निद्रेची बोळवण मात्र ‘झोप लागते का?’ या एका प्रश्नावर होते. निद्रानाशाचा रुग्ण बहुधा घरगुती उपाय करून थकल्यावरच आपल्याकडे येतो. ‘मेंढ्या मोजा’ हा त्यांतलाच एक, पाश्चात्त्यांकडून आलेला सल्ला. त्याचा विचार शास्त्राच्या कसोटीवर व्हावा, असे आम्हांस वाटते.

कल्पना जुनी आहे. बाराव्या शतकाच्या आरंभीच्या, स्पेनमधील पेत्रुस अल्फोन्सी याच्या लॅटिन कथासंग्रहात, राजाच्या हट्टाने थकलेला कथेकरी दोन हजार मेंढ्या दोन-दोन करून नावेतून पैलतीरी नेण्याची गोष्ट सुरू करतो आणि स्वतःच झोपी जातो. आपल्या माळरानावर वाडा टाकणारा धनगर मात्र मेंढ्या मोजतो तो कोकरू मागे राहिले काय, लांडग्याने नेले काय, या काळजीने. त्याची मोजणी जागृतीची क्रिया आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे मन क्लांत होऊन इंद्रिये विषयांपासून निवृत्त झाली की निद्रा येते. आकडा चुकू नये म्हणून पहारा देणारी बुद्धी निवृत्त कशी होणार? ऑक्सफर्ड येथील हार्वे व पेन यांच्या २००२ सालच्या अभ्यासात, शांत व रम्य दृश्य मनात रंगविणारे निद्रानाशाचे रुग्ण लवकर झोपी गेले. केवळ विचार अन्यत्र वळविण्याची सूचना मिळालेल्यांना तसा लाभ झाला नाही. चरकोक्त मनःसुख, मनोनुकूल गंध व शब्द यांच्याशी हे जुळते. माळेवरील जपाची गोष्ट निराळी. तेथे मोजणी बोटे करतात, मन नामात असते.

तथापि खरा प्रश्न हेतूचा आहे. कार्य, काल, विकार, प्रकृती व वायू हे निद्रानाशाचे हेतू त्याच अध्यायात आहेत. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथे रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचा हेतू कार्य व काल हा आहे. त्याच्यासाठी वाग्भटांनी मार्ग दिला आहे : सवय नसता जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी, भोजनापूर्वी झोपावे. जोडीला पादाभ्यंग, शिरोभ्यंग आणि अग्नी पाहून म्हशीचे दूध. हे सांगण्यास पाच मिनिटे पुरतात.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. ‘झोपेची आयुर्वेदिक गोळी द्या’ अशी मागणी येताच डबी पुढे करू नये. सर्पगंधेतील रेसर्पिन रक्तदाब उतरविते आणि काहींच्या मनास खिन्नता आणते; रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यास ती विचारल्याविना देणे धोक्याचे आहे. पारसिक यवानी तर औषध नियमांच्या ई (१) परिशिष्टातील विषद्रव्यांत मोडते. ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असते. ‘आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी’ हा समज आपल्याच दुकानांतून पसरत असेल, तर त्याचे उत्तरदायित्व आपलेच आहे.

रुग्णाने मेंढ्या मोजल्या तर बिघडत नाही. वैद्याने मात्र हेतू मोजावेत, आणि विक्रेत्याने डबी देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.