निकाल दोघांच्याही बाजूने कसा लागला? शिवसेनेच्या खटल्यातून समजून घ्या घटनापीठ म्हणजे काय

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा निकाल दिला आणि थोड्याच वेळात मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागले. एक म्हणत होता, राज्यपाल चुकले, उद्धव ठाकरे जिंकले. दुसरा म्हणत होता, सरकार वाचलं, एकनाथ शिंदे जिंकले. पत्रकार परिषदाही दोन्ही बाजूंनी घेतल्या आणि निकालाचं स्वागतही दोन्ही बाजूंनी केलं.

गंमत म्हणजे दोन्ही मेसेज खरे होते. निकालही ३-२ असा फुटलेला नव्हता, पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं.

मग कोर्टाने नक्की केलं काय? हे समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट डोक्यातून काढावी लागते. ती म्हणजे, सर्वोच्च न्यायालय 'कोण बरोबर' हे ठरवायला बसतं. कोर्टापुढे प्रश्न येतात, ते एकेक करून सुटे केले जातात आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं दिलं जातं. एका प्रश्नावर जिंकलेला पक्ष दुसऱ्यावर हरू शकतो. इथे नेमकं तेच झालं.

दोन, तीन, पाच आणि मग सात

जून २०२२. विधान परिषदेच्या निवडणुकीनंतर एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. इकडे मुंबईत विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. विधानसभेला अध्यक्ष नव्हताच. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिल्यापासून ती खुर्ची रिकामी होती. बंडखोर आमदारांनी उलट झिरवाळांनाच हटवण्याची नोटीस दिली होती.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं तेव्हा कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती. न्या. सूर्य कांत आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या दोन सदस्यांच्या सुट्टीकालीन पीठाने २७ जूनला आमदारांना उत्तर द्यायला १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. दुसऱ्याच दिवशी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ३० जूनला बहुमत सिद्ध करा, असं ठाकरे सरकारला सांगितलं. २९ जूनच्या रात्री याच पीठाने त्या बहुमत चाचणीला स्थगिती द्यायला नकार दिला. मात्र आदेशात एक वाक्य होतं. चाचणीचा जो काही निकाल लागेल, तो या याचिकेच्या अंतिम निकालाच्या अधीन राहील.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळं प्रकरण याच वाक्यापाशी येऊन अडतं.

त्या रात्री ठाकरेंनी फेसबुक लाइव्हवरून राजीनामा जाहीर केला. ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. ऑगस्टमध्ये सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने हे प्रकरण पाच सदस्यांच्या घटनापीठाकडे पाठवलं. त्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये निकाल दिला, पण त्यातला एक प्रश्न सात सदस्यांच्या पीठाकडे पाठवून दिला.

न्यायमूर्ती मोजायचे कशाला?

सरन्यायाधीश धरून सर्वोच्च न्यायालयात ३४ न्यायमूर्तींची मंजूर पदं आहेत. ते सगळे एकत्र बसून निकाल देत नाहीत. रोजची बहुतेक प्रकरणं दोन किंवा तीन न्यायमूर्तींच्या पीठासमोर चालतात. पण राज्यघटनेचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल, तर किमान पाच न्यायमूर्ती हवेत, असं अनुच्छेद १४५(३) सांगतं. यालाच घटनापीठ म्हणतात.

पाच ही किमान संख्या झाली. ती वाढते कशामुळे? तर जुन्या निकालांमुळे. छोटं पीठ मोठ्या पीठाचा निकाल मोडू शकत नाही. पाच न्यायमूर्तींनी दिलेल्या निकालाबद्दल पुढच्या पाच न्यायमूर्तींना शंका आली, तरी ते फक्त 'हे सात जणांनी तपासावं' एवढंच म्हणू शकतात.

२०१७ च्या खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात हे गणित उघड दिसलं. आधारवरून सुरू झालेल्या त्या वादात केंद्र सरकारचं म्हणणं होतं, की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, कारण १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींनी आणि १९६० च्या दशकात सहा न्यायमूर्तींनी तसं म्हटलं आहे. आठ जणांचं म्हणणं खोडायला नऊ जण लागणार. म्हणून नऊ जण बसले आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला.

त्याच निकालात आणीबाणीतला १९७६ चा एक निकालही मोडीत निघाला. आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठीही कोर्टात जाता येणार नाही, असं तेव्हा चार विरुद्ध एक मतांनी ठरलं होतं. त्या चौघांपैकी एक होते न्या. यशवंत चंद्रचूड. आणि तो निकाल गंभीर चूक होता, असं २०१७ मध्ये लिहिणारे न्यायमूर्ती होते त्यांचेच चिरंजीव, धनंजय चंद्रचूड. वडिलांचा निकाल मुलाने रद्द ठरवला, अशा बातम्या तेव्हा खूप चालल्या. त्यात दुर्लक्षित राहिला तो एकटा पडलेला पाचवा न्यायमूर्ती. न्या. एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत लिहिलं, पुढच्याच वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. ४१ वर्षांनी त्यांचंच मत बरोबर ठरलं. अल्पमतातल्या निकालाला त्या दिवशी काही किंमत नसते, पण तो रेकॉर्डवर राहतो.

कोणत्या खटल्याला कोणते न्यायमूर्ती बसतील, हे सरन्यायाधीश ठरवतात. हा त्यांचा प्रशासकीय अधिकार आहे. यावरून कुरबूर नवी नाही. १२ जानेवारी २०१८ रोजी चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेऊन महत्त्वाची प्रकरणं वाटण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं होतं. अधिकार मात्र आजही सरन्यायाधीशांकडेच आहे.

सुनावणीत काय झालं?

२७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी दाखवलेल्या सुनावण्यांमध्ये शिवसेनेचं प्रकरण होतं. निवडणूक आयोगाने चिन्हाचा निर्णय घ्यायचा की कोर्टासाठी थांबायचं, हा त्या दिवशीचा प्रश्न होता. कोर्टाने आयोगाला थांबवलं नाही. मुख्य सुनावणी १४ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली आणि तीनच दिवसांनी आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला देऊन टाकलं. कोर्टात वाद चालू, बाहेर निर्णय झालेला!

ठाकरेंच्या बाजूने कपिल सिब्बल आणि अभिषेक मनु सिंघवी, शिंदेंच्या बाजूने हरीश साळवे आणि नीरज किशन कौल, राज्यपालांसाठी सॉलिसिटर जनरल तुषार मेहता. टीव्हीवर हे म्हणजे भाषणांची जुगलबंदी वाटली असेल, पण घटनापीठाच्या सुनावणीत वकिलांपेक्षा न्यायमूर्तींच्या प्रश्नांकडे लक्ष द्यावं. या सुनावणीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला. ज्या मुख्यमंत्र्याने चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्याला कोर्ट परत कसं बसवणार?

१६ मार्चला युक्तिवाद संपले. निकाल ११ मे रोजी आला. पाचातले एक, न्या. एम. आर. शहा, १५ मे रोजी निवृत्त होणार होते. पीठातला न्यायमूर्ती निकालाआधी निवृत्त झाला, तर त्याला त्या निकालावर सही करता येत नाही आणि प्रकरण नव्या पीठापुढे जाण्याची वेळ येऊ शकते. म्हणून मोठा निकाल कधी येणार याचा अंदाज बांधायचा असेल, तर जाणकार आधी निवृत्तीच्या तारखा बघतात.

मग निकालात काय होतं?

राज्यपालांचं चुकलं, हे कोर्टाने स्पष्ट लिहिलं. सरकारने बहुमत गमावलं आहे असं मानायला त्यांच्याकडे ठोस आधार नव्हता. काही आमदार पक्षनेतृत्वावर नाराज आहेत, याचा अर्थ त्यांनी सरकारचा पाठिंबा काढला असा होत नाही. पक्षातली भांडणं मिटवायला विधानसभेतली बहुमत चाचणी वापरता येत नाही.

विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचंही चुकलं. शिंदे गटाच्या भरत गोगावले यांना मुख्य प्रतोद म्हणून दिलेली मान्यता कोर्टाने बेकायदा ठरवली. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, निवडून आलेल्या आमदारांच्या गटाचा नाही. हा फरक छोटा वाटतो, पण पक्षांतरबंदीचा सगळा कायदा त्यावर उभा आहे. आमदारांचा गट म्हणजेच पक्ष असं मानलं, तर बहुसंख्य आमदार फोडणाऱ्यावर कधी कारवाईच होणार नाही. एक तृतीयांश आमदार घेऊन 'फूट' पडल्याचं सांगायची पळवाट तर २००३ च्या घटनादुरुस्तीनेच बंद झाली आहे.

इथपर्यंत सगळं ठाकरेंच्या बाजूने. मग सरकार का पडलं नाही?

कारण राजीनामा. चाचणी झाली असती आणि ठाकरे हरले असते, तर ती चाचणीच बेकायदा ठरवून कोर्टाला जुनी स्थिती आणता आली असती. २९ जूनच्या आदेशातलं ते वाक्य त्यासाठीच होतं. पण स्वेच्छेने दिलेला राजीनामा कोर्ट रद्द करू शकत नाही. आणि मुख्यमंत्र्याची खुर्ची रिकामी झाल्यावर, भाजपच्या पाठिंब्यावर दावा करणाऱ्या शिंदेंना बोलावण्यात राज्यपालांचं काही चुकलं नाही.

कोर्ट सरकार परत आणूच शकत नाही, असं मात्र नाही. १३ जुलै २०१६ रोजी अरुणाचल प्रदेशात तेच झालं होतं. नबाम रेबिया खटल्यात पाच न्यायमूर्तींनी राज्यपालांची कृती घटनाबाह्य ठरवली, १५ डिसेंबर २०१५ ची स्थिती पुन्हा आणली आणि नबाम तुकी परत मुख्यमंत्री झाले. तुकींनी राजीनामा दिलेला नव्हता. (काही दिवसांतच त्यांना पायउतार व्हावं लागलं आणि पेमा खांडू आले. आमदार कोर्टाच्या आदेशाने परत येत नाहीत.)

आमदारांना कोर्टानेच अपात्र का केलं नाही?

कारण दहाव्या परिशिष्टाने तो अधिकार अध्यक्षांना दिला आहे. १९९२ च्या किहोतो होलोहन निकालानुसार अध्यक्ष इथे लवादासारखे काम करतात आणि त्यांच्या निर्णयाची तपासणी कोर्ट नंतर करू शकतं. 'नंतर' हा शब्द महत्त्वाचा. म्हणून घटनापीठाने १६ आमदारांचा विषय अध्यक्षांकडेच पाठवला आणि वाजवी वेळेत निर्णय घ्या म्हटलं.

वाजवी म्हणजे किती, हे लिहिलं नव्हतं. परिणाम काय झाला, ते महाराष्ट्राने पाहिलं. महिने गेले, प्रकरण पुन्हा कोर्टात आलं, कोर्टाने आधी ३१ डिसेंबर २०२३ ही तारीख दिली, मग ती वाढवली. अखेर १० जानेवारी २०२४ ला नार्वेकरांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असल्याचं सांगितलं आणि दोन्ही गटांपैकी कुणालाही अपात्र ठरवलं नाही. त्यासाठी आधार धरला विधिमंडळातल्या बहुमताचा. आमदारांचा गट म्हणजे पक्ष नाही, हे घटनापीठाने बजावूनही अध्यक्ष फिरून त्याच आकड्यांवर आले, हा त्या निर्णयावरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. याविरुद्ध ठाकरे गट पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला.

कोर्टाचा निकाल आवडला नाही तर पुढे काय? पुनर्विचार याचिका असते, त्यानंतर क्युरेटिव्ह याचिका, पण त्यात यश क्वचितच मिळतं. तिसरा मार्ग संसदेचा. मराठा आरक्षण रद्द करताना ५ मे २०२१ रोजी घटनापीठाने ३-२ मतांनी म्हटलं, की मागास प्रवर्ग ठरवण्याचा राज्याचा अधिकार १०२ व्या घटनादुरुस्तीने संपला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने १०५ वी दुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत दिला. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचं मात्र तसं झालं नाही. ती १९९२ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी घातलेली, आणि फेरविचारासाठी ती मोठ्या पीठाकडे पाठवायलाही २०२१ च्या पाच न्यायमूर्तींनी नकार दिला.

आता राहिला तो सात न्यायमूर्तींचा प्रश्न. अध्यक्षांना हटवण्याची नोटीस दिली, की त्यांना आमदारांच्या अपात्रतेवर निर्णय घेता येत नाही, असं नबाम रेबिया खटल्यात ठरलं होतं. झिरवाळांच्या विरोधात बंडखोरांनी वापरलेलं हत्यार हेच. नोटीस द्या, अध्यक्षाचे हात बांधा, तेवढ्यात सरकार बदला. २०१६ चा तो निकाल देणाऱ्या पाच जणांमध्ये न्या. रमणा होते आणि २०२२ मध्ये त्यावर मोठ्या पीठाने विचार करावा म्हणणाऱ्या पीठाचे प्रमुखही तेच. घटनापीठानेही शंका रास्त मानली आणि प्रश्न सात जणांकडे गेला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली. ज्या १६ आमदारांच्या पात्रतेवरून हे सगळं सुरू झालं, त्यांची मुदतही त्या सभागृहासोबत संपली. मतदानाच्या दिवशी सात न्यायमूर्तींचा निकाल यायचाच होता.