घरावरील कर्ज आणि घरांतील मौन

गेल्या महिन्यांत एका संध्याकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे आला. सिडकोंत त्याचें दोन खोल्यांचें घर आहे. वाळूजच्या एका कारखान्यांत तो नोकरीस होता. ती नोकरी कांहीं महिन्यांपूर्वीं सुटली. चहा निवून गेला तरी त्यानें कपास हात लावला नाहीं. शेवटीं खिशांतून घडी केलेला एक कागद काढून त्यानें आम्हांपुढें ठेविला आणि विचारलें, "गुरुजी, दिवाळें जाहीर करूं, कीं बँकेस घर नेऊं देऊं?"

ती बँकेची नोटीस होती. तीवरील तारखेपासून एकेचाळीस दिवस उलटले होते. "घरीं सांगितलेंस काय?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां तो खालीं पाहूं लागला. नोटीस त्यानें मुलांच्या जुन्या वह्यांखालीं ठेविली होती. पत्नीस ती ठाऊक नव्हती, वडिलांसही नव्हती.

मनूनें व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत पहिलें ऋणादान होय. तेव्हां हा प्रश्न नवा नाहीं. आम्ही वकील नव्हों. तथापि एका वकीलमित्राजवळ बसून जें समजून घेतलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहों.

प्रथम नादारीचा विचार करूं. व्यक्तीच्या नादारीचे आपल्याकडील जुने कायदे दोन : मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठीं १९०९ चा आणि मोफसलीसाठीं १९२० चा. २०१६ सालीं नवी संहिता आली खरी. परंतु तींतील व्यक्तींविषयींचा भाग सामान्य गृहस्थास अद्याप लागू झालेला नाहीं. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू आहे, तो कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता. नादारीनें हातउसनें, दुकानदाराची उधारी अशा विनातारण देण्यांचा तगादा थांबूं शकतो. पण ज्याच्याकडे घर गहाण आहे त्या सावकाराचा तारणावरील हक्क तिनें बुडत नाहीं. १९२० च्या कायद्यांतच तें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे नादारी पत्करूनही गहाण घर वांचत नाहीं, आणि नांवास लागावयाचा तो डाग लागतोच. ज्याचें सगळें कर्ज घरावरचें, त्यास हें औषध नव्हे.

आतां दुसरा मार्ग पाहूं. २००२ च्या सरफेसी कायद्यानें बँकेस कोर्टांत दावा न लावतां गहाण घर विकण्याचा अधिकार दिला आहे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला कीं कर्ज बुडीताकडे झुकलेलें धरतात; मग साठ दिवसांची नोटीस येते. या मुदतींत कर्जदारानें लेखी हरकत घेतली, तर बँकेनें पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिलें पाहिजे. साठ दिवस गेल्यावर बँक घराचा ताबा घेऊं शकते व त्याची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत देते, त्यांतील एक स्थानिक भाषेंतील. त्याविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. असें न्यायाधिकरण आमच्या छत्रपति संभाजीनगरांतच आहे. विक्रीपूर्वीं पुन्हां तीस दिवसांची सूचना मिळते.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. पूर्वीं विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडवितां येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनें हा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच राहिला, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही २०२३ सालीं तसाच निर्णय दिला. जाहिरात छापली गेल्यावर पैसे जमवून धांवत येणाराचा उपयोग नाहीं. लिलावांत देण्याहून अधिक रक्कम आली तर वरचे पैसे कर्जदारास परत मिळतात. पण कमी आली तर उरलेलें देणें त्याच्या माथीं राहतें.

तेव्हां नादारी कीं जप्ती, हा प्रश्नच मुळांत चुकीचा आहे. खरी निवड बोलणें कीं लपविणें यांत आहे. आरंभींच बँकेंत जाऊन लेखी अर्ज केला, तर मुदत वाढवून हप्ता उतरवून घेण्याची वाट असते. तेंही झेपत नसेल, तर लिलावाची वाट न पाहतां घर आपल्याच हातानें विकावें. गिऱ्हाइकाचे पैसे थेट बँकेंत भरले जातात व कर्ज फिटतें. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जास मुदतीपूर्वीं फेडीचा दंड बँकेस २०१२ पासून लावतां येत नाहीं. आणि कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागदपत्रें परत न दिल्यास, उशीर बँकेचा असेल तर, दररोज पांच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. दिवा लावलेल्या घरास जी किंमत येते, ती कुलूप ठोकलेल्या घरास येत नाहीं.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. त्या उठावामागून १८७९ चा कायदा आला व गहाणाचा हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार कोर्टांस मिळाला. आम्ही पांढरपेशे रोखे जाळीत नाहीं, कपाटांत लपवितों. त्यांच्या जाळण्यांतून एक कायदा तरी निघाला. आमच्या लपविण्यांतून कांहींच निघत नाहीं, दिवस मात्र जातात.

हें आम्ही दुरून सांगत नाहीं. आमच्या लहानपणीं वडिलांनीं राहतें घर गहाण टाकलें होतें. आईस तें कळलें, तें दारांत दवंडी पिटली तेव्हां. घर गेल्याचें दुःख तिनें एक-दोन वर्षांत गिळलें. आपणांस सांगितलें नाहीं याचें दुःख तिला अखेरपर्यंत पुरलें.

ही हकीकत आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितली. तो कांहीं बोलला नाहीं. नोटिशीची घडी घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्या पत्नीचाच फोन आला : "गुरुजी, अर्जाचा मसुदा आपण एकदां पाहाल काय?" दोघें मिळून बँकेंत जाऊन आलीं. घर राहील कीं विकावें लागेल, हें आम्ही लिहीत आहों तोंवर ठरलेलें नाहीं. विकावें लागलेंच, तरी दार तींच दोघें ओढून घेतील.

वाचकांपैकीं कोणाच्या कपाटांत असा कागद असेल, तर त्यांनीं हा अंक खालीं ठेवावा, तो कागद बाहेर काढावा, आणि त्यावरील तारीख घरांत सर्वांस ऐकूं जाईल अशी वाचावी.