चुकांची वही

भुसावळला माणसे येतात ती बहुधा गाडी बदलायला. मुंबईकडून आलेली लाइन येथे दुभंगते. एक नागपूरकडे, दुसरी खांडव्याकडे. त्यामुळे महिन्यातून एका शनिवारी भेटायचे आम्हां चार-पाच मराठीच्या मास्तरांनी ठरवले, तेव्हा गावाचा वाद झालाच नाही. एक स्नेही रावेरहून येतात, एक मलकापूरहून; चाळीसगावच्या बाई येतात आणि सुरत लाइनीने अमळनेरचे एक गृहस्थ.

प्राध्यापक संशोधन करीत नाहीत असे कृपा करून म्हणू नका. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी शोधनिबंधांना गुण बांधून दिले आणि निबंधांचे पीक आमच्याकडच्या केळीसारखे तरारून आले. मीही थोडे काढले. त्यांतला एक मी वाचला, मुद्रितशोधकाने वाचला. तिसरा वाचक अद्याप भेटायचा आहे. वर्गात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. अर्नेस्ट बॉयर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९९० साली लिहिले, की शिकवणे हेही विद्वत्तेचेच काम समजावे. त्याच वर्षी जळगावला आमचे विद्यापीठ निघाले. पण ते पुस्तक आमच्यापर्यंत पोहोचायला पॅसेंजर गाडीने निघाले असावे.

आमच्या बैठकीचा नियम एकच : फसलेला तास घेऊन यायचे, आणि पुराव्यासकट.

पहिल्याच खेपेला रावेरच्या स्नेह्यांनी एक वही काढली. उत्तरपत्रिकांतल्या चुका ते दोन वर्षे उतरवून घेत होते, शेजारी मुलाचे गाव. 'केळी'ची 'केयी', 'डोळा'चा 'डोया', 'पाणी'चे 'पानी'. "बघा," ते म्हणाले, "चूक एकट्याची नाही, गावाची आहे, आणि नेमकी त्याच जागी होते. याला चूक म्हणायचे की घरचे व्याकरण?" बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे अहिराणीतला 'शे' असाच 'आहे'च्या जागी येऊन बसतो. अमळनेरकरांनी ग्रिअर्सन काढला : १९०७ च्या खंडात त्याने खानदेशी भिल्ली भाषांच्या शेजारी बसवली. "त्याने निदान बसवली तरी," ते म्हणाले, "आपण बाकावर उभी करतो."

मला मात्र यावलकडचा एक मुलगा आठवला. त्याने 'केयीचा मया' लिहिले होते. ते मी वर्गात मोठ्याने वाचले. वर्ग हसला, मीही हसलो. दिवाळीनंतर तो आला नाही. त्याच आठवड्यात मी बहिणाबाईंवर उत्तम व्याख्यान दिले होते! त्या निरक्षर बाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, ती याच लेवा गणबोलीत. २०१८ पासून विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आणि त्यांची बोली उत्तरपत्रिकेत आली, की माझा अर्धा गुण कापलेला.

ते मी बैठकीत सांगितले. कोणी काही बोलले नाही. मलकापूरकरांनी चहा पुढे सरकवला.

आता पहिल्या आठवड्यात मी मुलांना एक पान घरच्या बोलीत लिहायला लावतो, शेजारी तेच प्रमाण मराठीत. 'ळ' आणि 'य'चा नियम ती आपणहून शोधून काढतात. बाईंनी बजावले होते, "दया दाखवू नका, परीक्षेत पोरांचेच गुण जातील." म्हणून खूण करतोच, लाल शाईऐवजी पेन्सिलीने, समोर नियम लिहून.

पण परवा एका मुलीने पान कोरेच दिले. म्हणाली, "सर, हे सोडायलाच तर कॉलेजात आले ना मी!"

मला उत्तर सुचले नाही. गेल्या शनिवारी ते कोरे पानच बैठकीत नेले. रावेरकरांनी वहीत नवीन पान उघडून तिचे वाक्य उतरवले, गावाचे नाव विचारले, आणि इतक्यात बाईंच्या गाडीची घोषणा झाली.