‘प्रत्येक’ या शब्दाची किंमत

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ याच्या चौथ्या कलमात ‘प्रत्येक’ गर्भवती व स्तनदा मातेस किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला आहे. सरकारी नोकरीतल्या, अथवा अन्य कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. कितवे अपत्य, मुलगा की मुलगी, याविषयी तेथे चकार शब्द नाही.

२०१७ च्या मातृवंदना योजनेने मात्र पहिल्या अपत्यापुरते ५,००० रुपये ठरविले. उरलेले हजार जननी सुरक्षा योजनेतून मिळून ‘सरासरीने’ सहा हजार होतात, हा सरकारी खुलासा. आम्ही हिशेब मांडून पाहिला. रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या गरीब स्त्रीस ती योजना इंदूर शहरात १,००० रुपये देते, बेळगाव शहरात ६००. इंदूरची बाळंतीण सहा हजारांस पोचते, बेळगावची चारशेंनी उणी राहते. ‘किमान’ रकमेची सरासरी काढण्याची ही रीत आमच्या विधिग्रंथांत तरी नाही.

२०२२ पासून दुसऱ्या खेपेसही ६,००० मिळतात. पण मुलगी झाली तरच! मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे, हे आम्हांस सर्वथा मान्य. परंतु पोटात मुलगा असलेल्या आईस भूक कमी लागते काय?

हे कलम ‘केंद्राच्या योजनांच्या अधीन’ आहे, असे सरकारपक्ष म्हणेल. योजनेने हप्ते ठरवावेत, अर्जाचा नमुना ठरवावा. मूळ हक्कच छाटण्याची मुभा त्या शब्दांतून निघत नाही. तेव्हा अपात्र ठरविलेल्या आईबापांनी नकार लेखी मागावा आणि तो घेऊन, याच कायद्याच्या १५ व्या कलमान्वये, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या दारी जावे.