वाळेल तोच ब्रश घ्या

संडासचा ब्रश घेताना तो दिसतो कसा हे आपण बघतो, घासेल कसा हेही कधीमधी बघतो. पण घासून झाल्यावर वाळेल कसा, हे फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते पहिली परीक्षा तीच असायला हवी. कमोड घासायला दोन-चार मिनिटं लागतात, उरलेला सगळा दिवस ब्रश आपल्या भांड्यात उभा असतो. नायलॉनच्या दाट केसांत अडकलेलं पाणी निथळून तळाशी साचतं आणि काही दिवसांत तिथे पिवळट, बुळबुळीत थर धरतो. पुढच्या वेळी आपण त्याच घाणीत बुडालेल्या ब्रशने कमोड स्वच्छ करायला जातो. डक्टकडे उघडणाऱ्या झरोक्यावर भागवणाऱ्या शहरी फ्लॅटमध्ये किंवा कोकणातल्या पावसाळ्यात तर तो वाळतच नाही.

या वस्तूला देखणेपण असू नये असं मुळीच नाही. इटलीच्या अलेस्सी कंपनीसाठी स्तेफानो जोव्हानोनी यांनी १९९३ मध्ये ‘मेर्दोलिनो’ नावाचा ब्रश घडवला. कुंडीतून हिरवा कोंब वर यावा तसा तो दिसतो, आणि इतक्या दुर्लक्षित वस्तूलाही कुणीतरी मन लावून आकार दिला याचा मला आनंदच वाटतो. पण देखणेपण म्हणजे झाकणं, असं धरून चाललो की भांडं अरुंद आणि बंद होत जातं. भिंतीला टांगलेला, खाली निथळायला जागा असलेला आणि पाण्याची वाटी वेगळी काढून धुता येईल असा ब्रश मला जास्त सुबक वाटतो. भाड्याच्या घरात टाइलला भोक पाडता येत नाही, हे खरं. तिथे जमिनीवर ठेवायचा घ्या, मात्र आतली वाटी सुटी निघते का, हे दुकानातच काढून बघा.

‘मग सिलिकॉनचाच घ्यावा’ असं कुणी म्हणेल. सिलिकॉन पाणी धरत नाही, पटकन वाळतं, हा त्याचा मोठा गुण. पण बोअरवेलच्या पाण्याने कमोडच्या कडेखाली क्षारांचा जो कडक थर बसतो, तो त्या मऊ बोटांना दाद देत नाही. तिथे टॉयलेट क्लीनरमधलं आम्ल काम करतं. ते बाटलीवर लिहिलेला वेळ राहू द्यावं, मग हलकं घासलं तरी पुरतं. (त्यात ब्लीच मात्र कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.) हेच आम्ल पिळलेल्या तारेत केस बसवलेल्या स्वस्त ब्रशची तार गंजवतं, आणि उघडी पडलेली तार कमोडवर ओरखडे पाडते. म्हणून डोक्यात तार नसलेला, प्लॅस्टिकमध्ये केस रोवलेला ब्रश घ्यावा. चकचकीत स्टीलच्या भांड्याचा मोहही टाळावा, आम्लाचे थेंब त्यावरही डाग पाडतात.

दांड्याची लांबी ही बारीकसारीक बाब नाही. अनेक घरांत हे काम कामाला येणाऱ्या मावशी करतात आणि आखूड दांड्यामुळे त्यांना तोंड कमोडजवळ नेऊन, आम्लाची वाफ घेत घासावं लागतं. इंडियन संडास असेल तर वाकणं आणखी वाढतं. ब्रश निवडताना तो रोज हातात धरणाऱ्या माणसालाच विचारा, आणि घासून झाल्यावर सीटखाली दांडा अडकवून तो कमोडवरच निथळू द्या.