विश्वामित्रीचे अंगण

सन २०२४ ची जन्माष्टमी वाडीतील आमच्या घरी कंदिलाच्या उजेडात झाली. पाळणा हलला, सुंठवडा वाटला गेला. पण साऱ्यांचे चित्त नदीपलीकडे लागले होते. माझा भाचा पश्चिमेकडील एका नव्या वसाहतीत तळमजल्यावर राहतो. पाऊस थांबेना, आणि पुढच्या दोन दिवसांत, काळ्या घोड्याच्या पुलापाशी जेथे धोक्याची खूण २६ फुटांवर आहे, तेथे विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर गेले. भाचा, त्याची बायको आणि दोन मुले तिसऱ्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या आश्रयाला होती. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा घरात घोटाभर चिखल होता, आणि माझ्या बहिणीच्या लग्नातले शिसवी कपाट फुगून त्याची दारे निखळली होती.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. ही जागा पसंत करताना मी त्याच्याबरोबर गेलो होतो. मोकळी हवा, रुंद रस्ता, नदीकडे उघडणारी खिडकी पाहून ‘घे’ असे मीच म्हटले. त्या चिखलात उभा असताना मला आठवले की शाळकरी वयात आम्ही मुले याच ठिकाणी बोरे वेचायला येत असू. तेव्हा तेथे खोल कोतर होते. पावसाळ्यात ते तुडुंब भरे, आणि आम्हांला तिकडे फिरकण्याची बंदी असे. ते कोतर कोणी, केव्हा बुजवले ते मी पाहिले नाही. पण ते तेथे होते हे मला ठाऊक होते, आणि नेमके त्याच वेळी ते आठवले नाही.

माझ्यासारखे विसरणारे बडोद्यात पुष्कळ असावेत, म्हणून हे लिहितो आहे.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून उतरते आणि बडोद्याच्या सपाट, मऊ मातीच्या प्रदेशातून नागमोडी वळणे घेत पुढे ढाढर नदीला मिळते. सपाटीवर तिला उतार फारसा नाही, म्हणजे पाणी पुढे लोटण्याची घाई नाही. वरून आलेला लोंढा तिला काही काळ कोठेतरी ठेवावा लागतो. ती ठेवण्याची जागा म्हणजे ही कोतरे, काठची सखल राने, तिला मिळणारे ओहोळ आणि आसपासचे तलाव. वर्षातले दहा महिने ही जागा रिकामी दिसते. बाभळी, बोरी, गवत आणि कोठे एखादी म्हैस, एवढेच तेथे दिसायचे. पण माजघर रिकामे दिसते म्हणून कोणी ते परक्याला देत नाही. पाहुणे येतात तेव्हा तेच उपयोगी पडते. विश्वामित्रीचे पाहुणे दरसाल श्रावण-भाद्रपदात येतात.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. आजचे अकोटे म्हणजे प्राचीन अंकोट्टक. तेथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती कामाटी बागेतील संग्रहालयात आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ती वस्ती नदीकाठच्या उंचवट्यावर होती, आणि इसवी सन ६०० च्या सुमारास आलेल्या महापुरामुळे तेथील लोक पूर्वेकडे, वडांच्या बनात येऊन राहिले, असे इतिहासाचे अभ्यासक मानतात. तेच वटपद्रक, म्हणजे आपले बडोदे. हे शहरच नदीने शिकवलेल्या धड्यातून वसले म्हणायचे. मांडवीभोवतीचे जुने गाव नदीपासून मैलभर अंतर राखून बसले आहे.

पुढे गायकवाडीत, सन १८७९ मध्ये, नदीच्या दोन्ही काठांवर कामाटी बाग उभी राहिली. मोठा पूर आला की बागेत पाणी शिरते आणि माळ्यांना पुढे कित्येक आठवडे काम पुरते. पण त्यात कोणाचा संसार वाहून जात नाही. काठच्या जागेचा याहून शहाणा उपयोग मला सुचत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळातच, सन १९१६ मध्ये, पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने बडोद्याच्या विस्ताराचा अहवाल लिहिला. हिंदुस्थानातील शहरांविषयी लिहिताना या गृहस्थाने तलाव बुजवू नका, स्वच्छ राखा, असे पुनःपुन्हा सांगितले. त्यानंतर शंभरावर वर्षे लोटली, आणि दरम्यान आपण बुजवण्याची कला मात्र पूर्णत्वाला नेली.

घरे नकोत, असे माझे म्हणणे नाही. शहर वाढणारच, आणि तरुण जोडप्यांना वाड्यातील दोन खोल्यांत कोंडून घालण्याचा अधिकार आम्हां म्हाताऱ्यांना नाही. कोतराच्या जमिनीचा मालक हाही बहुधा साधा शेतकरी असतो. ‘तुझी जमीन नदीची’ एवढे सांगून त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे हा न्याय नव्हे. पण या पेचातून वाट काढण्याचे साधन आपल्या कायद्यातच आहे. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे योजना आखताना त्या भागातील सर्वांच्या जमिनी एकत्र धरतात, रस्त्यांसाठी सुमारे १५ टक्के आणि बागा-मैदानांसाठी सुमारे ५ टक्के जागा काढतात, आणि मालकाला त्याच्या जमिनीऐवजी नव्याने आखलेला भूखंड देतात. तो भूखंड जुन्याच जागी असला पाहिजे असे नाही. मग कोतराच्या मालकाला उंचावरचा भूखंड द्यावा, आणि कोतर नदीला राहू द्यावे. त्यासाठी एकच पथ्य पाळावे लागेल. नकाशावर आधी नदी, तिची कोतरे, ओहोळ आणि पुराच्या पाण्याची रेषा काढावी, आणि मगच भूखंडांच्या चौकटी आखाव्यात. आधी चौकटी आखून उरलेल्या फटीत नदी बसवू गेले, की ती बसत नाही.

शेजारच्या महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखण्याचा प्रघात आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. तेथेही त्या रेषा ओलांडल्या जातात हे खरे. पण रेषा असली तर निदान ती ओलांडली असे म्हणता येते. हॉलंडसारख्या देशाने तर शतकानुशतके पाण्याला भिंती घातल्या. सन १९९५ मध्ये नद्या फुगून सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली, तेव्हा त्यांनी धोरण बदलले. नायमेगेन शहरासमोर तर वाल नदीचा बांध सुमारे साडेतीनशे मीटर मागे घेतला आणि मध्ये आलेली काही घरेही हलवली. पाण्याशी झगडण्यात ज्यांची हयात गेली त्यांनीच शेवटी नदीला जागा दिली.

आपल्याकडेही आदेशांची वाण नाही. काही जागरूक बडोदेकरांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०२१ मध्ये विश्वामित्रीची हद्द आखून तिचा काठ राखण्याविषयी स्पष्ट निर्देश दिले. २०२४ च्या पुरानंतर समिती नेमली गेली, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात यंत्रे लावून पात्र खोल व रुंद करण्याचे काम झाले. गाळ काढणे अवश्य असेल. पण पात्र खोल केले म्हणून काठची कोतरे बुजवायला मोकळीक मिळाली, असे कोणी समजू नये. एका हाताने खणायचे आणि दुसऱ्या हाताने बुजवायचे, याला बंदोबस्त म्हणत नाहीत.

या काठाचे आणखी एक कुळ आहे, ते म्हणजे मगर. फेब्रुवारी २०२५ च्या गणनेत शहरातून जाणाऱ्या नदीत ४४२ मगरी मोजल्या गेल्या. उन्हाळ्याच्या तोंडी मादी काठच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या सुमारास पिले बाहेर येतात. दगडी चिऱ्यांनी बांधलेल्या काठावर तिला हे करता येणार नाही. पुरात मगर रस्त्यावर आली की आपण ओरडतो, ‘मगर घरात शिरली!’ घर कोणाचे, हे नीट तपासायला हवे.

आता थोडे आपल्याविषयी. आपण जुनी मराठी घरे दांडिया बाजार, रावपुरा, वाडी येथे पिढ्यान्पिढ्या राहिलो. महाराजांच्या कारभाराचा अभिमान आपण दर उत्सवात सांगतो. पण नगररचना योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकतींसाठी महिन्याची मुदत असते, आणि त्या महिन्यात कचेरीत जाऊन नकाशा पाहणारे आपल्यात किती? कोतर कोठे होते, ओहोळ कोठून वाहत असे, कोणता तलाव कोणत्या साली बुजला, हे ज्यांना डोळ्यांनी पाहिलेले आठवते ती माणसे अजून आपल्या घरांत आहेत. ती आणखी दहा वर्षांनी नसतील. त्यांनी सांगावे, मुलांनी लिहून घ्यावे, आणि तो कागद मुदतीत हरकत म्हणून दाखल करावा. यासाठी वकील लागत नाही.

मी माझ्यापुरते ठरवले आहे. पुढचा मसुदा निघेल तेव्हा भाच्याला घेऊन कचेरीत जाणार, आणि आम्ही बोरे वेचली ती जागा नकाशावर बोटाने दाखवणार. त्याचे घर आता हलणार नाही. पण त्याच्या पलीकडचे कोतर अजून बुजलेले नाही.